उलट्या उताराची नळी

मी प्लंबर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची लाज नीट कळेल. वीस वर्षं लोकांच्या भिंतींतलं पाणी शोधतोय. कुणाकडे गळती असली की मी आधी घरातल्यांना गप्प करतो. वरच्या मजल्याला नावं ठेवू नका म्हणतो, पाणी दिसतं एकीकडे आणि येतं भलतीकडून. मग वरच्या बाथरूमची जाळी बंद करायची, रंग कालवलेलं पाणी साठवायचं आणि एक दिवस थांबायचं. खाली रंग उतरला तर वरचा दोषी, नाही उतरला तर आपल्याच घरात शोधायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तो मी.

माझा जीव मात्र खेळांत. पटावरचे, पेटीतले खेळ. पुठ्ठ्याच्या सोंगट्या, पत्ते, नकाशे, फासे. एकशे बारा पेट्या आहेत. बायको म्हणते, एकेकीला एक सवत असते, मला एकशे बारा. पुठ्ठ्याला पाण्याचं वावडं, आणि पाणी कुठून कुठे शिरतं ते मला रोज दिसतं, म्हणून आतल्या खोलीत मी किल्लाच उभारला होता. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या भिंतीला एकही कपाट नाही, प्रत्येक पेटीत ओल शोषणारी पुडी, आणि हवेतला दमटपणा घालवायला एसी. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी भिंतीवर दिसली असती तर खोलीची शोभा गेली असती. ती मी स्लॅबखालच्या पीओपीच्या खोट्या छताआडून नेली, स्वतःच्या हातांनी. आल्यागेल्याला मुद्दाम विचारायचो, नळी कुठाय ओळखा पाहू.

एका रविवारी सकाळी खोलीत गेलो तर मधल्या कपाटावर टपटप चालू. बंदरांचा खेळ सगळ्यात वरच्या फळीवर होता, तीन वर्षं शोधून मिळवलेला. झाकण फुगलं होतं आणि आतले पत्ते एकमेकांना चिकटले होते. वर बघितलं तर छतावर ताटाएवढा पिवळा डाग. आणि डागाच्या बरोबर वर होतं वरच्या बाईंचं बाथरूम.

वरच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वय चौऱ्याहत्तर, घरात एकट्या, गुडघे दुखरे. त्या भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, तिथेच मी त्यांना गाठलं. काय बोललो ते सांगायला जीभ वळत नाही, पण सांगतो.

“तुमचं घाण पाणी आमच्या डोक्यावर पडतंय. काही कळतं का तुम्हाला?”

जिन्यातली सगळी दारं किलकिली झाली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि सगळ्यांदेखत माझी माफी मागितली.

घरात आल्यावर बायको म्हणाली, रंगाचं पाणी घालून बघ ना एकदा. मी तिच्यावर उखडलो. वीस वर्षं हेच करतोय, मला शिकवू नकोस, म्हटलं. डाग कुठाय, बाथरूम कुठाय, आंधळ्यालाही कळेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाईंनी त्याच दिवशी बाथरूम बंद केलं. स्वयंपाकघरात टबात उभं राहून तांब्या-दोन तांब्यांत अंग धुवायचं आणि ते पाणी उचलून संडासात ओतायचं. संडास घराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तो वापरायची मी त्यांना परवानगी दिली होती. परवानगी! आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

गळती काही थांबली नाही. पाचव्या दिवशी बाईंनी घाबरत घाबरत विचारलं की मी तर थेंबही सांडत नाही, मग कसं? मी म्हटलं, स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी उतरायला वीस-वीस दिवस लागतात. हे खोटं नव्हतं, असं होतं कधीकधी. म्हणूनच त्यांनी विश्वास ठेवला आणि म्हणूनच मीही ठेवला. दरम्यान ओल जावी म्हणून मी एसी रात्रंदिवस चालू ठेवला होता.

आठवड्याभराने बाई ओले पत्ते मागायला आल्या. शाळेत असताना मुलांच्या भिजलेल्या वह्या पुष्कळ वाचवल्यात म्हणाल्या, मला वेळच वेळ आहे, द्या इकडे. मी पेटी दिली, तीही उपकार केल्यासारखी. त्या बोथट सुरीने एकेक पत्ता सोडवायच्या, टीपकागदात घालून शब्दकोशाखाली दाबायच्या आणि ज्याची अक्षरं गेली असतील तो नव्या पुठ्ठ्यावर लिहून काढायच्या.

बाईंची फरशी फोडायला गवंडी ठरवला. तो अठराव्या दिवशी येणार होता. त्याला नेमकी जागा दाखवावी म्हणून सतराव्या दिवशी मी डागापाशी छताचा चौकोन कापला आणि आत बॅटरी मारली. हात घालून स्लॅब चाचपला. खडखडीत कोरडा! तळहाताला धूळ लागली नुसती. आणि वीतभर अंतरावर माझी नळी. मधला क्लॅम्प सुटून तिला पोट आलं होतं, उतार उलटा झाला होता आणि सांध्यातून थेंब थेंब गळत होता. मी जितका एसी चालवून खोली सुकवत होतो, तितकं पाणी ओतत होतो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मग मी पहिलं काय केलं? दाराकडे बघितलं, बायको आहे का. ती कामावर गेली होती. दहा मिनिटांत दोन नवे क्लॅम्प ठोकले, सांधा बंद केला, छताचा चौकोन परत चिकटवला आणि गवंड्याला नको येऊस म्हणून कळवलं. संध्याकाळी बायकोला सांगितलं की मुरलेलं पाणी संपलं, गळती थांबली. ती माझ्या नखांतल्या पीओपीच्या पांढऱ्या भुकटीकडे बघत बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो. खरं सांगायला नाही, गळती थांबली एवढंच सांगायला. बाईंनी दार उघडलं तर उजव्या मनगटाला पट्टी. टब उचलताना पाय घसरला, चार दिवस झाले, विशेष काही नाही म्हणाल्या. टेबलावर पत्त्यांच्या रांगा लावलेल्या होत्या. शेवटच्या काही पत्त्यांवरचं अक्षर थरथरलेलं होतं.

थांबलं म्हटल्यावर त्या किती खूश झाल्या! बघा, मी वापरणं बंद केलं म्हणूनच थांबलं, म्हणाल्या. आता गवंडी नको, ती धूळ आणि ते ठोकणं या वयात झेपायचं नाही. टबाची सवय झालीय, बाथरूमला कायमचं कुलूप लावते. तुमचे खेळ वाचले, पुष्कळ झालं.

मी गुपचूप खाली येऊ शकलो असतो. पाऊल वळलंही होतं. पण पट्टीचा तो हात पुन्हा पेनाकडे गेला आणि माझ्याच्याने पुढे जाववेना.

“बाई, पाणी तुमचं नव्हतंच,” मी फरशीकडे बघत म्हणालो. “माझ्या एसीची नळी गळत होती. मीच बसवलेली. काल कळलं मला.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी बोलणी खायला तयार होतो. चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“म्हणजे माझं बाथरूम ठीक आहे?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“बसा इथे. मला आधी अंघोळ करू दे.”

त्या आत गेल्या आणि नळ सुटला. मी घड्याळात बघितलं, पंचेचाळीस मिनिटं पाणी पडत होतं. केस धुतले असतील, अंग चोळलं असेल, मधे नुसत्याच पाण्याखाली उभ्या राहिल्या असतील. भिंतीला कान लावून पाणी ऐकण्यात माझं आयुष्य गेलं, पण ते पाणी ऐकवेना. समोर त्यांनी लिहिलेला पत्ता होता. ‘वादळ आले. एक फेरी थांबा.’ तोच मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या की गेले अठरा दिवस त्या भाजीला उजाडायच्या आत जातात, जिन्यात कुणी भेटू नये म्हणून. कुणी जवळून गेलं तर आपल्याला वास येतोय असं वाटायचं.

“मला माफी घरात नको,” त्या म्हणाल्या. “जिन्यात बोललात, जिन्यातच सांगा.”

मी त्याच पायरीवर जाऊन उभा राहिलो. बाई वर दारात. मी सांगितलं, पण माझं मलाच ऐकू आलं नाही.

“मागच्या बाकापर्यंत गेलं नाही,” बाई म्हणाल्या.

पुन्हा सांगितलं. एक दार उघडलं. बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं, गळती माझ्याच घरात होती, बाईंचा काही दोष नव्हता, आणि कळल्यावरही मी लपवलं. त्या रविवारी उघडली होती ती सगळी दारं उघडली. आमचंही उघडलं. खांद्याला पर्स लावून बायको कामाला निघाली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली. “मला शेवटचंच ऐकू आलं.”

मी कठडा घट्ट धरला आणि पहिल्यापासून सांगितलं.