दोघींच्या घरात सात पाव

कार्मोझिनाला मी पकडून दिलं. गाव ते कुजबुजत बोलतं, मी उघड सांगते.

गावची भट्टी माझी. शनिवारी बायका घरून पीठ मळून आणायच्या, गोळ्यांवर आपापल्या घराचा लाकडी ठसा उमटवायच्या आणि मी पाव भाजून द्यायची. कुणाच्या घरात किती खाणारी तोंडं आहेत, हे पाद्र्याच्या आधी मला कळायचं.

कार्मोझिनाचा नवरा कानिओ जमीनदाराच्या कारभाऱ्याला मारून रानात पळाला होता. त्याची टोळी श्रीमंतांना लुटते म्हणून गाव खूश. पण माझी दोन खेचरं त्यानेच नेली. एक हटून बसलं, तर माझ्या दारातच त्याला गोळी घातली. मी कुठली श्रीमंत? त्या खेचरांवरून सरपण आणणारी विधवा.

त्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या नव्या राजाचे शिपाई आले. रानातले लोक उपाशी मरावेत म्हणून गावाबाहेर भाकरतुकडा न्यायलाही बंदी झाली. कप्तानाने मला बोलावून विचारलं, गरजेपेक्षा जास्त पाव कोण भाजतं. कार्मोझिनाच्या घरात सासू-सून दोघीच आणि पाव सात, असं मी सांगून टाकलं.

तिला दोरीने बांधून पोतेन्झा शहरातल्या तुरुंगात नेलं. दहा दिवसांत कानिओ भुकेने व्याकूळ होऊन खाली उतरला आणि ओढ्याकाठी मारला गेला.

मग बायका यायच्या बंद झाल्या. घरीच राखेखाली कच्च्यापक्क्या रोट्या भाजू लागल्या. माझ्या दाराला कुणीतरी शेण फासलं. चर्चमध्ये शेजारी कुणी बसेना. मी हट्टाने भट्टी पेटवायची, ती रिकामीच विझायची.

दोन वर्षांनी कार्मोझिना सुटली. शनिवारी सकाळी डोक्यावर फळी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. केस पांढरेफटक, फळीवर एकच गोळा.

मी म्हटलं, "विष घालीन. भीती नाही वाटत?"

"घाल की. मग तुलाही दोरीने बांधून नेतील." तिने फळी खाली ठेवली. "राखेतली रोटी म्हातारीला चाववत नाही. नाहीतर तुझ्या दारात थुंकायलासुद्धा आले नसते."

पाव भाजून होईपर्यंत ती समोर बसून माझ्याकडे एकटक बघत होती. पुढच्या शनिवारी तिच्यामागून बाकीच्या बायकाही आल्या.

म्हातारी केव्हाच गेली. कार्मोझिना अजून येते, तशीच बसते. पाव होईपर्यंत नजर हलवत नाही. मी तिचा पाव भाजून फळीवर ठेवते.