अकाय बोलले ते मी ऐकलं नाही

मी एक कॅमेरा आहे. एवढं ठामपणे सांगतो. पुढचं सगळं तितक्या ठामपणे सांगता येईल की नाही, कोण जाणे. समोर असतं तेवढंच मला दिसतं. पाठीमागे काय चाललं होतं, ते मी कधीच पाहिलेलं नाही.

माझी पहिली सहा वर्षं ताइतुंग शहरात लग्नं टिपण्यात गेली. नवरीचा सुस्कारासुद्धा माझ्या कानातून सुटत नसे. मालक गिऱ्हाइकांना तसं सांगत आणि मी फुशारून जाई. मग नवे कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मला सी मासाराय नावाच्या मुलीने उचललं आणि बोटीने आपल्या बेटावर, ताओ लोकांच्या गावात नेलं.

ताओ लोकांत पहिलं नातवंड झालं की माणसाचं नावच बदलतं. ती जन्मली आणि तिचे आजोबा स्यापेन मासाराय झाले, म्हणजे मासारायचे आजोबा. ती त्यांना अकाय म्हणते. स्वतः कोरलेल्या होडीतून ते जन्मभर उडते मासे धरत आलेले.

बाहेरच्या मोठ्या जहाजांनी उडत्या माशांच्या हंगामात बेटाजवळ जाळी टाकू नयेत, असा अर्ज मासारायने सरकारकडे केला होता. सुनावणी जूनमध्ये होती. वाळत घातलेल्या माशांची चित्रं मी काढून दिली. पूर्वी पाच काठ्या भरायच्या, यंदा दीड. उत्तर आलं, ‘संबंधिताने कमी मासेमारी केली असावी.’ आता ज्याने समुद्र पाहिलाय, त्यानेच बोलायला हवं होतं.

आणि नेमकं तेच होत नव्हतं. हंगामात मासा किती आला, येईल की नाही, हे तिथे कुणी तोंडातून काढत नाही. किनाऱ्यावर भटकणारे आत्मे ऐकतात आणि मासा परतवून लावतात. होडी ढकलणारा माणूससुद्धा कुठे निघाला ते सांगत नाही.

“अकाय, यंदा मासे कसे आहेत?”

“आज वारा बरा आहे.”

“पाणी गरम लागतं का हो?”

“तुझ्या आजीला विचार. गरम काय असतं ते ती विसरलीय. रोज गार चहा देते.”

शेजारचे स्यामान कावास, म्हणजे कावासचे वडील, जाळं विणत बसलेले. ते म्हणाले, “पोरी, याच्यापेक्षा आमच्या डुकराला विचार. ते निदान हुंकार तरी देतं!”

सगळे हसले. मासारायही हसली, पण सुनावणीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजू लागली. मीही अस्वस्थ होतो. दिवस चालले होते आणि माझ्या पोटात नुसता वारा भरत होता.

मग तिने एक गोष्ट केली. दुपारी मला खांबांवरच्या उघड्या माचीवर अळकुड्यांच्या टोपलीआड ठेवलं, लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली आणि निघून गेली. जेवून अकाय आणि आजी तिथे येऊन टेकले.

मग अकाय हळूच म्हणाले, “म्हातारे, यंदा मासा नाही गं. पाणी इतकं कोमट झालंय की हात घातला तरी कळत नाही. ही होडी शेवटचीच, असं वाटतं.”

“गप! ऐकतील.”

“इथे कोण ऐकतंय?”

मी ऐकत होतो. शब्द न् शब्द. मला पाय असते तर मी पळून गेलो असतो. निदान आज मला तसं वाटतं. तेव्हा कदाचित आनंदच झाला असेल.

चोरून टिपलेलं ते मासारायला पचलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्यांच्यापुढे बसली. “अकाय, रागावू नका,” म्हणाली आणि मला सुरू केलं. अकायनी स्वतःचा आवाज ऐकला.

“परत लाव.”

तिने परत लावला.

“हे आणखी किती वेळा लावता येतं?”

“हवं तितक्या वेळा.”

त्यांचा चेहरा उतरला. “मी एकदाच बोललो होतो गं. वाऱ्याने नेलं असतं. हे रोज बोलेल. तुझ्या साहेबांपुढे बोलेल, मी मेल्यावर बोलेल. मासा नाही, मासा नाही. मग मासा येईल कशाला?”

जपून ठेवणं चांगलंच असतं, अशी तोवर माझी समजूत होती. मासारायने तिथेच ते पुसून टाकलं आणि तारीख हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलावी म्हणून पत्र लिहिलं. बऱ्याच कुरकुरीनंतर ऑक्टोबर मिळाला.

उरलेला हंगाम मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर काढला. रोज तुषार अंगावर येत. अखेर वर्षाचा शेवटचा सुका मासा खाऊन संपला. दुसऱ्या सकाळी अकाय धुतलेला सदरा घालून माझ्यापुढे बसले. “हंगाम संपला. आता बोललेलं कुणाला बाधत नाही. विचार.”

मी ऐकलेले शेवटचे शब्द ते. अकाय बोलू लागले. ओठ हलत होते, हात लाटांसारखे वरखाली होत होते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आधी मला वाटलं, तेच पुटपुटताहेत. मग मासारायने कपाळाला आठ्या घातल्या, वायर हलवली, मला दोन चापट्या मारल्या. मीठ माझ्या कानात गेलं होतं.

तिने त्यांना थांबवलं नाही. कानांवरचे हेडफोन काढून ठेवले, पुढे सरकली आणि तासभर नुसती ऐकत राहिली.

हे पुढचं मला ताइतुंगच्या दुकानात कळलं. तिथे मला नवा कान बसवला आणि पहिला आवाज ऐकला तो तिचाच. ती कारागिराला सांगत होती, “मी रडतच म्हटलं, अकाय, आवाज आलाच नाही, परत एकदा सांगा. तर म्हणाले, मी सांगितलं, तू ऐकलंस. मी आणखी किती वर्षं पुरणार? आता तू सांग.”

“मग आता कान झालाय ना ठीक,” कारागीर म्हणाला. “म्हाताऱ्याला बसवा परत.”

“नाही,” मासाराय म्हणाली.

आज सुनावणी आहे. मी तिवईवर उभा आहे. एरवी माझ्या मागे असणारी मासाराय आज पहिल्यांदाच माझ्या पुढे बसली आहे. टेबलापलीकडे तीन माणसं आहेत. एकजण घड्याळ पाहतोय. तिला सगळं नीट आठवेल का? आठवलं तरी पटेल का? मला काहीच सांगता येत नाही. मी फक्त लाल दिवा लावून उभा आहे.

तिने घसा साफ केला आहे. टेबलापलीकडच्या माणसांनो, माझ्या भरवशावर राहू नका. तिच्याकडे बघा आणि एकदाच, पण नीट ऐका.