कृपा करून मला सरळ ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुना पापुद्रा आहे. खाण्याचा नव्हे. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका प्रयोगशाळेत नखाएवढ्या चौकोनी स्फटिकावर मला चढवलेले आहे, आणि माझ्यापुढे कांद्याचे सालही जाडजूड वाटावे इतका मी पातळ आहे. माझ्या जातीला टोपोलॉजिकल अर्धधातू म्हणतात. नाव लांबलचक असले तरी गोष्ट साधी आहे. माझ्यातून विजेचे कण अंगात वजनच नसल्यासारखे धावतात.

ओगाता कानाए नावाची मुलगी इथे पीएच.डी. करते. हवा काढून घेतलेल्या पोलादी भांड्यात कॅडमियम आणि आर्सेनिकच्या वाफांतून तिने मला घडवले. घडवताना मँगनीजचे थोडे अणू तिने मुद्दाम माझ्यात मिसळले. त्यांना सगळे अशुद्धी म्हणतात. स्वतःच्या हाताने घालायचे आणि वर अशुद्धी म्हणायचे, आता याला काय बोलावे? मी त्यांना माझे बिऱ्हाडकरू समजतो.

प्रत्येक बिऱ्हाडकरू म्हणजे एक इवलासा चुंबक. ते एकमेकांना शिवत नाहीत, पण धावणारे वीजकण एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतात. एका अंतरावर निरोप जातो, माझ्याच दिशेला तोंड कर. जरा लांब गेले की तोच निरोप उलटा होतो. माझी जाडी बदलली की वीजकणांच्या वाटा बदलतात, आणि निरोपही बदलतो. ही कुजबुज ऐकण्यासाठीच कानाएने वेगवेगळ्या जाडीची माझी भावंडे घडवली. कुजबुज फार हळू असते. कडाक्याच्या थंडीत ठेवले तरच ती ऐकू येते आणि जरा ऊब लागली की थांबते.

इथवर सगळे ठीक होते. पण कानाएचा तो नीटनेटकेपणा! या प्रयोगशाळेत दारातल्या चपलासुद्धा रांगेत उभ्या असतात, मग मी कसा सुटणार? चौकोनी डबीत मी किंचित तिरका झालो की तिला चैन पडत नसे. पोलादी चिमट्याने माझी कड धरायची, मला उचलायचे आणि डबीच्या कडेशी समांतर ठेवायचे. भाताचे गोळे खाऊन आली की पुन्हा तेच. भावंडांचीही तीच गत. दरवेळी चिमट्याचे लोखंड कणाकणाने आमच्या कडांना लागत होते. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता, पण सांगणार कोणाला?

शेवटी व्हायचे तेच झाले. मोजमापात भलेमोठे चुंबकत्व दिसले. तिचे मार्गदर्शक हिरुमा सेन्सेई, म्हणजे हिरुमा सर, खूश झाले. खोलीच्या उबेतही ते टिकते म्हटल्यावर तर त्यांनी सगळ्यांसाठी झुंदा मोची आणले, म्हणजे हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणात घोळवलेले तांदळाचे गोळे. परिषदेत निकाल जाहीर करायचा आणि त्यावर कानाएला पदवी मिळायची, असे ठरून गेले. मला कपाळ असते तर मी हात लावला असता. बिऱ्हाडकरूंची कुजबुज राहिली बाजूला आणि चिमट्याच्या गोंगाटाला सगळ्यांनी डोक्यावर घेतले.

कानाएला मात्र एक गोष्ट खटकत होती. जाडी निरनिराळी असूनही आम्ही सगळी भावंडे एकाच सुरात ओरडत होतो. तिने सूक्ष्मदर्शकाखाली माझी कड पाहिली आणि तिथले चिमट्याचे ओरखडे पाहून तिचा चेहरा उतरला. पुढे कितीतरी दिवस ती गप्प होती. सेन्सेईंच्या आनंदावर पाणी ओतायचे धाडस इथे सहसा कोणी करत नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल गं बाई, एकदाचे बोल.

अखेर ती मला घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"सेन्सेई, मला याच्या कडा कापायच्यात."

"परिषद तोंडावर आलीये, ओगाता. तुझी पदवी याच आकड्यांवर आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण हे चुंबकत्व माझ्या चिमट्याचं असेल, तर मी काय चिमट्यावर पदवी घेऊ?"

सेन्सेईंनी चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "काप. मोची तर खाऊन झालेत."

हिऱ्याच्या टोकाने माझ्या चारी कडा गेल्या. फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण गोंगाटही त्यांच्याबरोबर गेला. थंडीत उरली ती माझ्या बिऱ्हाडकरूंची बारीकशी कुजबुज. भावंडांच्याही कडा कापल्यावर प्रत्येकाची कुजबुज निराळी निघाली, जाडीप्रमाणे. परिषद हुकली. सगळी मोजमापे नव्याने करायची ठरली आणि पदवी पुढे ढकलली गेली. कानाए त्या दिवशी एकटीच जिन्यात बसून रडली.

वर्षअखेरच्या साफसफाईत कोणीतरी मला तुटका तुकडा समजून टाकायला निघाले होते. कानाएने मला हिसकावून घेतले आणि नव्या प्लास्टिकच्या चिमट्याने डबीत ठेवले. मी पडलो तिरका. तिचा हात लगेच पुढे आला. क्षणभर तसाच थांबला. मग तिने दोन्ही हात खिशात घातले आणि कोपरानेच झाकण लावले.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे आम्ही जुन्या वस्तू जपानी गोष्टींतून नेहमीच सांगत आलो आहोत. घ्या ना, जरूर घ्या. फक्त तुमचे हात जरा आवरा. मी त्या डबीत अजून तिरकाच आहे आणि मला फार बरे वाटते आहे.