सिग्रिडबाईंचा डावा हात

सिग्रिडबाई नॉर्वेच्या. तिशीतच युरोपभर पियानोचे कार्यक्रम करून आलेल्या, स्वतः रचना करणाऱ्या. पुढे डाव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. मैफली सुटल्या, शिकवणं राहिलं. गेली नऊ वर्षं दस्मानच्या फ्लॅटमध्ये त्यांनी निम्म्या कुवेतची पोरं रडवली आहेत, त्यात माझी ज्ञानदाही आली. मला अशी माणसं आवडतात. मीही काही फार गोड स्वभावाची नाही.

जूनमध्ये त्या कायमच्या परत जाणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांची सगळ्यात गाजलेली रचना ज्ञानदानं वाजवायची, असं त्यांनी ठरवलं. ज्ञानदा घरी येऊन फुगून बसली. "आई, इट्स हर पीस. शी शुड प्ले इट." तिनं बाईंना तसं सांगूनही पाहिलं होतं. पूर्ण वाजवता आली तरच वाजवीन, असं उत्तर मिळालं. मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा काही आपल्याच लोकांचा नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर रिग्गईला घरी न जाता मी थेट दस्मान गाठलं. नको तिथे नाक खुपसतेय हे मला कळत होतं. तरी खुपसलं.

मी त्यांना मिरजेच्या माझ्या गुरू वासंतीबाईंचं सांगितलं. सत्तरीत त्यांचा दम पुरेना. मी मागे तानपुरा घेऊन बसायचे आणि त्या थांबल्या की तिथून गाणं पुढे न्यायचे. बाई थकल्या, संपल्या, असं कुणी कधी म्हटलं नाही. आमच्याकडे शिष्य मागे बसतो तो त्यासाठीच.

सिग्रिडबाईंनी विचारलं, "त्यांना त्रास नाही झाला?"

"झाला. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत." खोटं कशाला सांगायचं?

त्यांना हसू आलं. ज्ञानदाला उद्या चारला पाठवा, उशीर चालणार नाही, एवढंच बोलून त्यांनी मला वाटेला लावलं.

कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरला होता. एका बाकावर दोघी. उजवा हात बाईंचा, डावा ज्ञानदाचा. मध्येच बाईंनी न सांगता लय वाढवली. पण पोरगी डगमगली नाही, तिनं ती बरोबर पकडली. मी पहिल्या रांगेत सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

टाळ्या थांबल्यावर सिग्रिडबाई उभ्या राहिल्या. "ही रचना मी दहा वर्षं एकटीनं वाजवली. सगळं लक्ष उजव्या हातातल्या सुरावळीकडे असायचं. डाव्या हातासाठी मी इतकं चांगलं लिहिलंय, हे मला आज ऐकू आलं."

मग त्या परत बाकावर बसल्या आणि ज्ञानदाला म्हणाल्या, "पुन्हा वाजवू. मला अजून ऐकायचंय."