झोपेवरचा प्रबंध

तिचा प्रबंध रुग्णांच्या झोपेवर होता आणि त्यापायी तिचीच झोप उडाली होती. रुग्णालयाबाहेरच्या रस्त्याचा गोंगाट, त्यावर उतारा म्हणून वॉर्डात लावलेली सतार आणि या दोहोंच्या मध्ये झोपू पाहणारा रुग्ण, असा विषय. शास्त्रं तीन म्हणून मार्गदर्शकही तीन: डॉक्टर, पर्यावरणवाले सर आणि सतारीच्या बाई. आई तेव्हाच म्हणाली होती, तीन तिघाडा काम बिघाडा. पोरगी हसली होती. आता सहावं वर्ष सरत आलं होतं आणि आईने विचारणंच सोडलं होतं, याचं तिला जास्त वाईट वाटायचं.

सरांनी वॉर्डात आवाज मोजायचं यंत्र बसवलं, ते नेमकं स्पीकरखाली. त्यामुळे बाईंची सतार ध्वनिप्रदूषणात जमा झाली आणि बाईंनी सरांशी अबोला धरला. डॉक्टरांना नियमांचं वेड. प्रत्येक रुग्णाला संमतिपत्र मोठ्याने वाचून दाखवायचंच: ‘सहभागी व्यक्तीला कारण न देता केव्हाही माघार घेता येते.’ हे ऐकलं की निम्मे रुग्ण तिथल्या तिथे माघार घेत, आणि ही बिचारी पुढच्या खाटेकडे वळे.

आज शेवटची तारीख होती. कचेरी बंद व्हायच्या आत एका पानावर तिघांच्या सह्या हव्या होत्या, नाहीतर नोंदणी रद्द आणि सगळी वर्षं पाण्यात. तिघे जमले, पान मध्ये ठेवलं, आणि पहिली सही कुणाची यावरून जुंपली. डॉक्टर म्हणाले, रुग्ण आधी. सर म्हणाले, गोंगाट नसता तर रुग्ण मजेत घोरला असता. बाईंनी पुरावा म्हणून फोनवर सतार लावली, सरांनी लगेच यंत्र सुरू केलं. तिने भिंतीला डोकं टेकलं, म्हटलं जरा डोळे मिटू.

जाग आली तेव्हा खोलीत शांतता होती. डॉक्टर तिची नाडी बघत होते, सरांनी यंत्र तिच्या कानाशी धरलं होतं आणि बाईंचे डोळे भरून आले होते.

“एवढ्या कलकलाटात इतकी गाढ झोप,” डॉक्टर कुजबुजले.

सहा वर्षांत तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. असं निरीक्षण शोधूनही मिळत नाही, यावर स्वतंत्र शोधनिबंध व्हायलाच हवा. डॉक्टरांनी बॅगेतून कोरं संमतिपत्र काढून तिच्यापुढे सरकवलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. “करते सही. आधी तुमच्या तीन होऊ द्या.”

आता आधी कोण, नंतर कोण, कुणाला आठवलंही नाही. पेन बाईंच्या हाताशी होतं म्हणून त्यांनी आधी केली, इतकंच. तिने तिन्ही सह्या तपासल्या, मग शहाण्या मुलीसारखी आपली केली आणि कचेरीकडे धूम ठोकली.

पान जमा करून ती परत आली, तोवर तिची झोप नक्की कुणाच्या शास्त्रात मोडते यावरून तिघांचा आवाज पुन्हा चढला होता. ती दारातच उभी राहिली आणि रुग्णांपुढे वाचायची त्याच आवाजात म्हणाली, “सहभागी व्यक्तीला कारण न देता केव्हाही माघार घेता येते. मी घेतली.”

डॉक्टरांनी तिचं संमतिपत्र परत बॅगेत घातलं. नियम त्यांचाच होता.

जिन्यावरूनच तिने घरी फोन लावला. “आई, सह्या झाल्या. घरी येऊन झोपणार आहे. उठवू नकोस.”