माय बसली उशाशी

‘पराटीच्या शेतातून वारा फिरतो उपाशी,
झोप माह्या लेकरा रे, माय बसली उशाशी...’

कपाळावर ओला हात, अंगावर गोधडी, बाहेर कापसाची पराटी आणि हा आवाज. संघदीप तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता, तापानं फणफणला होता. त्याच उन्हाळ्यात आई गेली. तिचं म्हणून त्याच्याकडे एवढंच उरलं.

आज बाभुळगावच्या घरात तो सकाळपासून येरझारा घालत होता. एकोणिसाव्या शतकातल्या एका चेक कवीवरचं त्याचं पुस्तक छापायला चाललं होतं. पहिल्या पानावर ही ओवी, खाली आईचं नाव. तेवढं पान आणि शेवटचा परिच्छेद अडला होता.

“बस ना बाप्पा एका जागी,” सत्यभामामावशी तुरीच्या शेंगा सोलत म्हणाली. तिनंच त्याला वाढवलं होतं. “भिंगरीवानी काहून फिरून राह्यला?”

“ह्या कवीनं जीव खाल्ला, मावशी. गावोगाव पायी हिंडला, बायांची गाणी गोळा केली. त्यातच स्वतःची मिसळली अन् म्हणे, हेही लोकायचंच. मरेपर्यंत कबूल नाही झाला. काहून लपवलं असंन?”

“लोक हासतीन म्हून.”

“हट्! त्याचं तर केवढं नाव होतं.”

मावशीचा हात शेंगेवरच थांबला. “मंग कोणाले तरी ते दुसऱ्याचंच पाहिजे असंन.”

फोन वाजला. छापखान्यातून अफरोज. “भाऊ, पहिलं पान सोडू का? मशीन तुमच्यासाठीच थांबून हाये.”

“एक मिनिट. मावशी, ऐकून घे.” त्यानं ओवी वाचली. मग खालचं नाव: हंसाबाई.

मावशी उठली. दारापर्यंत गेली, परत आली. पाय लागून सूप लवंडलं, दाणे घरभर झाले. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

“बरोबर आहे ना?” त्यानं विचारलं.

“बरोबर आहे.”

“सोड रे अफरोज...”

“थांबव त्याले!” मावशीनं त्याचं मनगट धरलं. “शब्द बरोबर आहे लेका. नाव नाही. तुह्या तापात हंसा यवतमाळच्या दवाखान्यात पडून होती. तू माय माय करे, मले जवळ येऊ नाही दे. मंग मीच जुळवलं ते. अन् दिवा विझवून, हंसासारखा आवाज काढून गायलं.”