मुठीएवढी सवत

मी एक जुनी भाताची टोपली आहे. मित्रांनो, वय विचाराल तर या घरची लेक दाओ हिच्यापेक्षा मी वर्षाने मोठी. ती लग्न होऊन पाक्सेला गेली, मी मात्र इथेच राहिले. आमच्या मेकाँगकाठच्या गावात वाफवलेला चिकट भात टोपलीतच राहतो. झाकण काढायचे, मूठभर घ्यायचा, बोटांनी गोळा वळायचा, तिखट चटणीत बुडवायचा आणि तोंडात टाकायचा.

मला सीफानने विणले. टोपल्या विणणे हाच त्याचा धंदा. पायाच्या अंगठ्यात बांबूची कामटी घट्ट धरायची आणि दोन्ही हातांनी वीण घालायची, ही त्याची पद्धत. बाकीच्या टोपल्या बाजारात गेल्या. लग्न ठरल्यावर त्याने मला एकटीला विएंगखामसाठी विणले. तिने मला चारी बाजूंनी फिरवून पाहिले.

"एवढी मोठी? दोघंच ना जेवणार आपण?"

"मला भूक फार लागते," तो लाजत म्हणाला.

खरेच लागायची. मी मोजत असे. सकाळी अकरा गोळे, दुपारी चौदा, संध्याकाळी चौदा. विएंगखाम सहा-सातावर उठायची. एकोणतीस वर्षे त्याच्या हाताची पहिली ओढ माझ्याकडे होती. मासा नंतर, चटणी नंतर, बायकोसुद्धा नंतर. याचा मला गर्व होता, तो मी लपवत नाही.

मग एके दिवशी कामटीची धार त्याच्या अंगठ्यात शिरली आणि त्याला ते कळलेच नाही. चटई लाल झालेली पाहून विएंगखामने विचारले, "इथं कोंबडी कापली की काय?" महिना उलटला तरी जखम भरेना. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि साखर फार वाढल्याचे, तिनेच पाय बधिर झाल्याचे सांगितले. गोळ्या दिल्या. भात जेवणाला एक मूठ, बाकी मासे, अंडी, भाजीपाला. हे जमले नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि गोष्ट अंगठ्यावर थांबेल याची खात्री नाही.

त्या संध्याकाळी ताटात कोबी आला.

मित्रांनो, कोबी! ना वीण, ना आकार, दोन दिवसांत पिवळा पडणारा. पण सीफान त्याचे पान उचलायचा, त्यात मसालेदार कुटलेला मासा भरायचा, आणि माझ्यासाठी असलेली ती बोटांची चिमटी त्या पानाला द्यायचा. काकडी आली, चवळीच्या शेंगा आल्या, हिरवी वांगी आली. सगळ्यांची उठबस व्हायची. मी कोपऱ्यात गरम राहून राहून गार व्हायचे.

शेजारची बुआलोय खांबांवरच्या आमच्या घराच्या शिडीवरूनच ओरडली, "सीफानभाऊ, ससा पाळलाय की स्वतःच ससा झालात?"

"ससा निदान चारी पायांवर उड्या मारतो," विएंगखाम म्हणाली. "तू तुझं बघ. तू चढलीस की आमची शिडी रडते."

मला बुआलोयचे बोलणे फार आवडले. मला वाटे, हा पथ्याचा खेळ मोडावा. सीफानची एक मूठ दिवसेंदिवस फुगत चालली होती. मी ते पाहत होते आणि खूश होत होते.

एका दुपारी विएंगखाम विहारात गेली. सीफान चोरपावलांनी आला, माझ्यापुढे बसला आणि झाकण काढले. एक, दोन, पाच, नऊ गोळे! चटणीही नको, मासाही नको. फक्त तो आणि मी. त्याच्या अंगठ्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. एवढ्यात शिडी वाजली. तो धडपडत मागच्या ओट्यावर पळाला आणि माझे झाकण तिथेच पडून राहिले.

आमच्याकडे टोपली उघडी ठेवून कोणी उठत नाही. उठले तर नवरा-बायकोची ताटातूट होते, असे मानतात. विएंगखाम दारातच थबकली.

"दाओचे बाबा, मला सोडून जायचंय का?"

"अगं, घाईत राहिलं. काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. रीतसर चाललाय तुम्ही. आधी अंगठा, मग पाऊल, मग बाकीचं." तिचा आवाज चढला नाही. "एकदम जाणार असता तर मी भांडले तरी असते."

तिने झाकण लावले आणि मला उचलून चुलीवरच्या खुंटीला अडकवले.

दुसऱ्या दिवसापासून तो विणायला बसला. कामटी गुडघ्याखाली दाबून, कारण अंगठ्याला पट्टी होती. तीच वीण, तोच काठ, जो त्याने माझ्यासाठी शोधून काढला होता. पण टोपली केवढी? बरोबर एका मुठीएवढी! जेवणाला तेवढाच भात. मूठ फुगेल, टोपली फुगणार नाही. मी वरून बघत होते. माझ्या वेळी हात एवढा सावकाश चालला नव्हता, मित्रांनो. कोबीचे मी सहन केले, तो परका होता. ही तर माझ्याच घराण्यातली!

"बाहुलीची का हो?" बुआलोयने विचारले.

"पोटच बाहुलीचं झालंय, वहिनी."

सात महिने ती सवत ताटाशेजारी बसली आणि मी धूर खाल्ला. माझ्या काठाला उंदीर लागले. मी सीफानच्या चालीवर लक्ष ठेवून होते, त्याने परतावे म्हणून. चाल मात्र सरळ होत गेली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली ती कायमची.

मग दाओ पोराबाळांसह यायची झाली. आठ माणसांना सवत काय पुरणार? मला खाली काढले. सीफानने कुरतडलेला काठ पाहून जीभ चावली, मला मांडीशी घेतले आणि नवी कामटी अंगठ्यात धरली. त्या अंगठ्यावर नवी, गुळगुळीत कातडी होती. कामटी टोचली तेव्हा तो म्हणाला, "आई गं!" आणि हसायलाच लागला. आतून विएंगखाम धावत आली. "दुखलं? खरंच दुखलं?" म्हणत तिथेच बसली आणि रडू लागली.

माझ्या मनासारखे झाले असते तर तो अंगठा आज नसता. मग माझा काठ कोणी विणला असता?

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी भाताला नको म्हणत असेल तर 'माझी शपथ, अजून एक घास' म्हणून त्याच्या मागे लागू नका. तसे प्रेम मीही केले आहे. त्यात त्याच्यापेक्षा मीच जास्त होते.

दाओची पोरे जेवली. सीफानने आपल्या वाट्याचा भात त्या छोटीतून घेतला. मला अजूनही ती आवडत नाही. पण तिचा तळ दिसला की तो थांबतो, हे मी रोज मोजते.